‘स्टॅन्ली’ नावाचा अर्थ, मूळ आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांचं ‘स्टॅन्ली’ हे नाव तुम्हाला बाळाला ठेवायचं आहे. नणंदेने मोबाइलवर अर्थ शोधला तर ‘दगडाळ शेत’ असा निघाला आणि त्या म्हणाल्या, लेकराला दगड कशाला म्हणायचं. त्यात हे मुळात इंग्रजांचं आडनाव, मग बाप्तिस्म्याला चालतं का, अशी शंका तुमच्या आईंनी काढली. मी वसईचाच, नावांची मुळं शोधण्याचा नाद मला वीसेक वर्षांपासून आहे, आणि माझ्या सख्ख्या मामाचं नाव स्टॅन्लीच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अर्थ. नणंदबाईंना सापडलेला अर्थ चूक नाही, पण तो अर्धाच आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या बोलीत, ‘स्टान’ म्हणजे दगड आणि ‘लेआ’ म्हणजे रान. पुढे रान तोडून मोकळ्या केलेल्या जागेलाही ‘लेआ’च म्हणायला लागले. त्या मोकळणीत गुरं चरायची, पेरणी व्हायची, हळूहळू चार घरं उभी राहायची. इंग्लंडच्या नकाशावर ‘ली’ने संपणारी असंख्य गावं दिसतात, त्यातली बरीचशी अशी रान मोडून वसलेली आहेत. ब्रॅडली म्हणजे रुंद मोकळण, बर्कली म्हणजे भूर्जाच्या झाडांची मोकळण, शर्ली म्हणजे बहुतेक उजेडाची मोकळण. आपल्याकडे शर्ली नावाची मावशी नाही असं घर शोधावं लागेल, तिच्या नावाचा अर्थ मात्र कुणी विचारत नाही.

तर स्टॅन्ली हे आधी गावाचं नाव. डर्बीशायरमध्ये स्टॅन्ली आहे, डरहममध्ये आहे, यॉर्कशायरमध्ये, स्टॅफर्डशायरमध्ये, ग्लॉस्टरशायरमध्ये आहे. आपली पुण्याजवळची खडकी घ्या. खडकाळ जागेवर वस्ती झाली, तिला खडकी म्हणाले, तिथून दुसरीकडे गेलेला माणूस खडकीकर झाला. इंग्लंडमध्ये ‘कर’ लावत नाहीत. आधी ‘स्टॅन्लीचा अमुक’ म्हणायचे, मग मधला ‘चा’ गळून पडला आणि आडनाव स्टॅन्ली राहिलं. बाळाचं नाव स्टॅन्ली म्हणजे शब्दशः पाहिलं तर बाळाचं नाव खडकीकर.

आता दगडाचं. ताई, नणंदबाईंना एकच विचारा: सासरच्या घराण्यात पेद्रू किंवा पीटर कोणी नव्हता का? वसईत असं घराणं सापडणं कठीण. पेत्र हा शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थच खडक. येशूने शिमोनाला केफा म्हटलं, तेही अरामी भाषेत खडकच. मत्तयच्या शुभवर्तमानातला सोळावा अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे: तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी माझी मंडळी रचीन. रोमपासून वसईपर्यंत हजारो मुलांना आपण दोन हजार वर्षं दगडच म्हणत आलोय आणि त्यात कुणाला कमीपणा वाटलेला नाही.

मराठीतही तेच. दगडू, धोंडू, धोंडीबा ही नावं आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गावोगाव होती. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, ते दगडासारखं टिकावं, म्हणून आई असं नाव ठेवायची. महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले, 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं, आणि एकशे चार वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं. धोंडो या नावात एका आईची केवढी काळजी असेल ते मला फार जवळचं वाटतं.

आता आडनावाचं नाव कसं झालं ते सांगतो, कारण तुमच्या आईंची शंका तिथेच आहे. स्टॅफर्डशायरमधल्या स्टॅन्लीवरून ज्या घराण्याने नाव घेतलं, ते पुढे इंग्लंडमधलं फार मोठं घराणं झालं. 1485 साली राजगादीसाठी झालेल्या बॉसवर्थच्या लढाईत या स्टॅन्ली घराण्याने ऐन वेळी हेन्री ट्यूडरची बाजू घेतली आणि त्याच वर्षी घराण्याचा प्रमुख थॉमस स्टॅन्ली डर्बीचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, झाला. मुंबईत महालक्ष्मीला जी घोड्यांची इंडियन डर्बी धावते, तिच्यातली ‘डर्बी’ याच घराण्याची: बाराव्या अर्लने 1780 साली एप्समला ती शर्यत सुरू केली. 1858 साली कंपनीचा कारभार संपून राणीचा आला, तेव्हा लंडनमध्ये नेमलेला पहिला भारतमंत्री लॉर्ड स्टॅन्ली होता, तोही यांच्यातलाच, चौदाव्या अर्लचा मुलगा.

अशा घराण्यांशी नातं असणं म्हणजे मान. मग आईच्या माहेरचं आडनाव संपू नये म्हणून ते मुलाचं नाव म्हणून ठेवायचे, किंवा धर्मपित्याचं आडनाव प्रेमाने द्यायचे. ही रीत इतकी इंग्लंडची होती की विल्यम कॅमडेन या इतिहासकाराने 1605 मध्ये लिहून ठेवलंय की ख्रिस्ती जगात आडनावाचं नाव करण्याची पद्धत दुसरीकडे कुठे नाही. म्हणजे तुमच्या आईंची शंका चारशे वर्षं जुनी आहे आणि तेव्हाच्या जाणत्या माणसालाही ती पडली होती.

एकोणिसाव्या शतकात हे नाव बड्या घरांतून सामान्यांच्या घरात आलं. त्याला बऱ्याच अंशी एक माणूस कारण, हेन्री मॉर्टन स्टॅन्ली. वेल्समध्ये 1841 साली जन्मला तेव्हा तो जॉन रोलंड्स होता. आईबापांनी टाकलेला, अनाथ-गरिबांच्या आश्रमात वाढलेला. तरुणपणी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला गेला आणि तिथल्या एका व्यापाऱ्याचं आडनाव त्याने स्वतःला लावून घेतलं. 1871 साली आफ्रिकेत टांगानिका सरोवराच्या काठी त्याने हरवलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-शोधकाला गाठलं आणि त्याचं नाव जगभर झालं. पुढे बेल्जियमच्या राजासाठी काँगोत त्याने जे काम केलं, त्याने तिथल्या लोकांवर फार मोठं अरिष्ट आलं, हेही सांगायला हवं. बाळाचं नाव ‘त्या’ स्टॅन्लीवरून ठेवलं असं कुणाला सांगू नका. ते तसं नाहीच, तुमच्या सासऱ्यांवरून आहे.

या गोष्टीत आपल्या नाशिकचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाशिकजवळ शरणपूरला मिशनची शाळा होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढवत. त्यातला एक जेकब वेनराइट. वेनराइट हेही इंग्रजी आडनाव, अर्थ गाड्या बनवणारा सुतार. त्या मुलाचं जन्माचं नाव मागे पडलं आणि हे त्याला मिळालं. 1872 साली स्टॅन्लीने लिव्हिंग्स्टनकडे जी माणसं पाठवली त्यात जेकब होता. लिव्हिंग्स्टन वारल्यावर झाडाच्या खोडावर त्याचं नाव आणि तारीख जेकबने कोरली, मृतदेहासोबत तो लंडनपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो उभा होता. दुसऱ्याचं आडनाव आपलं नाव म्हणून वागवणाऱ्या माणसांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

बाकी स्टॅन्ली भराभर सांगतो. इंग्लंडचे पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन, फुटबॉलचे स्टॅन्ली मॅथ्यूज, ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टॅन मकेब ज्याने 1938 मध्ये ट्रेंट ब्रिजला 232 धावा काढल्या. अमेरिकेतला स्टॅन्ली लीबर, ज्याने आपल्या नावाचे दोन तुकडे करून ‘स्टॅन ली’ केलं. चेन्नईचं स्टॅन्ली मेडिकल कॉलेज मद्रासच्या एका गव्हर्नरच्या आडनावावरून आहे. हल्ली मुलींच्या हातात दिसतो तो मोठा पेला, त्यावरही हेच नाव: 1913 साली पोलादी थर्मास बनवणाऱ्या विल्यम स्टॅन्लीचं. शाळेत मुलं यावरून एक-दोन वर्षं बोलतील, मग विसरतील.

आता बाप्तिस्मा. इथे एक घोळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, की स्टॅन्ली हे स्टॅनिस्लाउसचं लाडाचं रूप. बांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लाउस शाळेमुळे तो जास्तच पसरला असावा. दोन्ही नावांचा मुळात काही संबंध नाही. स्टॅनिस्लाउस हे पोलंडचं, स्लाव्ह भाषेतलं, त्यातला ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती. अमेरिकेत गेलेल्या पोलिश लोकांनी स्टॅनिस्वाफचं सोपं इंग्रजी रूप म्हणून स्टॅन्ली घेतलं, एवढाच दुवा.

हा घोळ मी घरात पाहिलाय. मामाचा जन्म पन्नासच्या दशकातला. तेव्हा 1917चा चर्चचा कायदा लागू होता आणि संताचं नाव नसेल तर फादर आपल्याकडून एक जोडून लिहायचे. मामाच्या दाखल्यावर तिरक्या निळ्या शाईत ‘स्टॅनिस्लाउस’ आहे, शाळेच्या दाखल्यावर ‘स्टॅन्ली’, आणि आजी आयुष्यभर त्याला ‘इस्टॅनी’ म्हणायची. आखातात नोकरी लागली तेव्हा ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून देण्यात त्याचे दोन महिने गेले आणि ठरलेली जागा दुसऱ्याला मिळाली. तो दाखला आजही माझ्या कपाटात आहे.

तुम्हाला तो त्रास नाही. 1983 पासूनच्या नियमात संताच्या नावाची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला परकं नाव नसावं, याची काळजी आईवडील, धर्मपालक आणि फादर यांनी घ्यावी, एवढंच म्हटलंय. आणि आईंच्या समाधानासाठी स्टॅन्ली नावाचा हक्काचा माणूस आता आहे. फादर स्टॅन्ली रोदर, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या शेतकऱ्याचा मुलगा. लॅटिन जमेना म्हणून पहिल्या सेमिनरीतून, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेतून, त्यांना परत पाठवलं होतं. पुढे ते ग्वातेमालात मिशनरी म्हणून गेले, तिथल्या आदिवासींची भाषा शिकले आणि नव्या कराराच्या भाषांतराला त्यांनी हातभार लावला. मारायच्या यादीत आपलं नाव आहे हे कळल्यावर काही महिने घरी येऊन राहिले, पण मेंढपाळाने पळून जायचं नसतं म्हणून ईस्टरला परत गेले. 28 जुलै 1981 ला त्यांना त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या. 2017 मध्ये चर्चने त्यांना संतपदाच्या आधीची पायरी दिली. 28 जुलै हा त्यांचा दिवस. बाळाच्या नावाचा सण त्या दिवशी करा.

शेवटी कागदांचं. जन्मदाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत येतं, तेव्हा स्पेलिंग आधी घरात बसून ठरवा. सासऱ्यांच्या आधार किंवा पासपोर्टवर शेवटी ‘ई-वाय’ आहे की नुसता ‘वाय’, ते काढून बघा आणि तेच ठेवा. मराठीत ‘स्टॅनली’ की ‘स्टॅन्ली’ हेही एकदाच ठरवा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि पालिकेच्या नोंदीत अक्षरन्‌अक्षर सारखं येऊ द्या. नावाशिवाय जन्मनोंद झाली असेल तर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर उशिराचं शुल्क पडतं. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, म्हणून तो हातात पडल्यावर खिडकीपाशीच उभं राहून नाव वाचून घ्या.

सासऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचीही एक प्रत मागून ठेवा. त्यावर काय लिहिलंय ते मला जरूर कळवा.