मुंबईत राहून आंतरराष्ट्रीय वित्तीय नियमनात सरकारी वकील म्हणून काम करता येते का?

येते, मात्र ‘सरकारी वकील’ या शब्दाने डोळ्यांसमोर फौजदारी न्यायालय उभे राहते, आणि हे काम तसे नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबी ही शेअर बाजाराची नियामक 1992 च्या कायद्याने स्थापन झालेली वैधानिक संस्था असून तिच्या विधी शाखेत कायद्याच्या पदवीधरांची ‘अ’ श्रेणी अधिकारी म्हणून स्पर्धा परीक्षेद्वारे भरती होते.

कामाचा गाभा पुराव्यात आहे. समजा, येथील शेअरमधील संशयास्पद व्यवहारांचा पैसा सिंगापूरमधील खात्यातून आला, तर सेबी तेथील बँकेवर थेट हुकूम बजावू शकत नाही. आयोस्को या रोखे बाजार नियामकांच्या जागतिक संघटनेच्या 2002 च्या बहुपक्षीय सामंजस्य करारानुसार तेथील नियामकाला विनंतीपत्र पाठवावे लागते. ते पत्र लिहिणे हीच खरी कसोटी, असे माझे ठाम मत आहे, कारण वस्तुस्थिती, संशयित कायदेभंग आणि माहितीचा उपयोग नेमका मांडला नाही, तर उत्तर लांबते, आणि मिळालेली माहितीही गोपनीयतेच्या अटी पाळूनच वापरता येते.

पुढे सेबीच्या आदेशाला मुंबईतीलच रोखे अपील न्यायाधिकरणात, आणि कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळू शकते. म्हणून परीक्षेच्या तयारीबरोबरच पुरावा कायदा आणि ताळेबंद वाचण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी.