एका शनिवार-रविवारात मावेल तेवढाच नाताळ

प्रश्न : यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, २५ डिसेंबर शुक्रवारी येत असल्याने सगळ्या नातेवाइकांनी सलग सुट्टी हेरून बोलावणी केली आहेत. २४ तारखेची रात्र सासरी, नाताळचे दुपारचे जेवण माहेरी, शनिवारी नणंदेकडे आणि रविवारी आमच्या घरी सर्वांचे एकत्र जेवण असा बेत आहे. आमची मुले नऊ आणि पाच वर्षांची असून मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधील प्रार्थनाविधीनंतर) दुसरा दिवस ती रडारडीत घालवतात. कोणालाही न दुखावता यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : चारपैकी एक बेत पुढे ढकलावा, आणि तो शनिवारचा असावा. चारही ठिकाणी अर्धा-अर्धा तास तोंड दाखवून येण्याचा मोह अनेकांना होतो. तो आम्हाला सर्वांत वाईट तोडगा वाटतो, कारण त्यात कोणाशीच धड बोलणे होत नाही आणि निघण्याची घाई मात्र प्रत्येक यजमानाच्या नजरेस पडते. नाताळ २५ तारखेला संपतो हा समज मुळात बाजारामुळे रुजला आहे. पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेत हा सण बारा दिवसांचा असून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत त्याची मुदत धरली जाते. जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर, ते तेरा दिवस मागे असल्याने, नाताळच ७ जानेवारीला येतो. म्हणून २ जानेवारीच्या शनिवारी नणंदेकडे गेलात तरी ती भेट नाताळचीच ठरेल. रविवारचे एकत्र जेवण मात्र हलवू नका, कारण २७ डिसेंबर हा यंदा कॅथलिक पंचांगातील पवित्र कुटुंबाच्या सणाचा दिवस आहे.

हा बदल नणंदेला तुम्ही नव्हे, तर तुमच्या यजमानांनी कळवावा आणि तिची खरेदी होण्यापूर्वीच कळवावा. बहिणीला भावाने सांगितलेली अडचण अडचणच राहते. वहिनीने सांगितली की तिचा मानापमान होण्यास वेळ लागत नाही. ‘यंदा जमणार नाही’ एवढेच सांगून थांबण्यापेक्षा ‘२ तारखेला सकाळीच येतो आणि दिवसभर राहतो’ असे सांगितल्यास नकाराची धार उरत नाही.

आता मुलांविषयी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास झोप लागते. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर ती भरून निघणे कठीणच असते. कॅथलिक नियमानुसार आदल्या संध्याकाळची मिस्साही सणाची मिस्सा धरली जाते, त्यामुळे तुमच्या चर्चमध्ये २४ तारखेला संध्याकाळी मिस्सा होत असेल तर मुलांना तिलाच न्यावे. आजी-आजोबांची समजूत घालावी लागेल, हे मान्य आहे.

प्रश्न : शुक्रवारच्या मेजवानीतील उरलेले मांसाहारी पदार्थ रविवारी आलेल्या पाहुण्यांना वाढावेत का?

उत्तर : वाढण्यास हरकत नाही, परंतु ते शुक्रवारी टेबलावर किती वेळ राहिले यावर सारे अवलंबून आहे. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेले असावे. गप्पांच्या नादात ते चार-पाच तास उघड्यावर राहिले असेल, तर वास चांगला येत असला तरी टाकून द्यावे, कारण अपाय करणारे सर्वच जीवाणू वासावरून ओळखू येत नाहीत. मोठे पातेले तसेच आत ठेवल्यास मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो, म्हणून पदार्थ उथळ भांड्यांत विभागून ठेवावा. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असल्यास असे अन्न तीन ते चार दिवस टिकते. रविवारी लागेल तेवढेच बाहेर काढून ते आतपर्यंत वाफाळेल असे गरम करावे, आणि त्यातूनही उरल्यास पुन्हा साठवू नये.