चिंगीचे दात, बत्तीस हजार आणि जूनमधली फी

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांची चिंगी नऊ वर्षांची पॉमेरेनियन. तोंडाला वास यायला लागला म्हणून त्यांनी तिला पुण्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. हिरड्या सुजलेल्या, दातांवर तपकिरी थर आणि चार दात हलणारे निघाले. खर्चाचा अंदाज ३२,००० रुपये. घरात दोघांची मिळकत महिना ५८,००० आणि गृहकर्जाच्या हप्त्यासकट खर्च ५१,०००. बचत खात्यात ४१,००० आहेत. ५०,००० ची एक वर्षाची एफडी जूनमध्ये पूर्ण होईल, ती लेकीच्या अकरावीच्या फीसाठी आहे. बँकेच्या अ‍ॅपवर क्रेडिट कार्डाचे १६ टक्के व्याजाने बारा हप्ते दिसतात. ग्रूमिंगवाला १,५०० रुपयांत भूल न देता दात साफ करून देतो म्हणतोय आणि ओळखीचा एजंट विमा घ्या म्हणतोय. दीर म्हणतात, "कुत्र्याच्या दातांवर कुणी एवढे पैसे घालतं का?" ताई विचारतात, करावं का, आणि करायचं तर पैसे कुठून आणू?

नमस्कार ताई,

उपचार करा, आणि येत्या महिन्याभरात करा. मात्र लगेच ३२,००० भरायला जाऊ नका. हप्ते करू नका, एफडी मोडू नका, आणि या दुखण्यासाठी विमाही घेऊ नका.

आधी दीरांच्या प्रश्नाचं बघू, कारण पत्रात तोच तुम्हाला सर्वांत जास्त टोचलेला दिसतो. नऊ वर्षं घरात वाढलेल्या जिवाचं दुखणं हा घरखर्चच आहे, त्यासाठी कुणासमोर ओशाळायचं कारण नाही. निव्वळ पैशाच्या हिशेबानेही थांबणं महागात पडतं. कुत्र्याला ४२ दात असतात. पॉमेरेनियनच्या एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसतात, म्हणून लहान जातींमध्ये हा आजार लवकर येतो. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, त्याखाली जंतू वाढतात आणि हिरडीमागचं हाड झिजत जातं. आज चार दात हलतायत, वर्षभराने आठही हलू शकतील. छोट्या कुत्र्यांचा खालचा जबडा इतका पातळ असतो की हाड फार झिजलं तर तो नुसत्या खाण्याने किंवा उडी मारल्यानेही मोडू शकतो. त्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे आजचा अंदाज लहान वाटेल.

"ती जेवते आहे ना, मग दुखत नसेल" असंही कुणीतरी तुम्हाला म्हणेल. कुत्री दुखत असतानाही जेवतात. आमच्या काळूच्या बाबतीत आम्ही असाच धीर धरला. तो भाकरी खायचा, शेपूट हलवायचा. मग एका सकाळी डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. तो वर्षभर दुखणं सोसत होता हे तेव्हा कळलं, आणि ते मला अजून लागतं.

आता तुम्ही पाठवलेला तपशील. रक्त तपासणी २,८००, भूल आणि देखरेख ६,५००, स्केलिंग-पॉलिशिंग (थर खरवडून दात गुळगुळीत करणं) ७,०००, दातांचे एक्स-रे ३,५००, चार दात काढणं ८,८००, औषधं १,९००, एक रात्र भरती १,५००. असा तुटक हिशेब देणारा दवाखाना मला बरा वाटतो.

यातल्या तीन गोष्टींवर घासाघीस करू नका. नऊ वर्षांच्या कुत्रीला भूल देण्याआधी यकृत आणि मूत्रपिंड तपासणं गरजेचं आहे. भुलेत असताना तिचा श्वास, ठोके आणि शरीराचं तापमान बघणारं माणूस हवं. आणि एक्स-रे हवेतच, कारण कुत्र्याचा दात बराचसा हिरडीच्या आत असतो आणि रोगही तिथेच दडतो. चार दात हा आकडाही एक्स-रेनंतरच पक्का होईल. तो तीन होईल किंवा सहाही. म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारा, "जास्तीत जास्त किती होईल? त्याच्या वर जाणार असेल तर मध्येच फोन करून विचाराल ना?" ही वरची मर्यादा लेखी घ्या. तुमच्या घरासाठी ती ३६,००० पेक्षा जास्त नसावी असं मला वाटतं.

काटछाट दुसरीकडे होऊ शकते. सकाळी लवकर काम झालं आणि चिंगी संध्याकाळपर्यंत नीट शुद्धीवर आली, तर डॉक्टरांच्या परवानगीने रात्रीची भरती टळेल. रक्त तपासणी साताऱ्यातच करून अहवाल नेता येतो का, तो किती दिवसांचा चालेल, हेही विचारा. औषधांची चिठ्ठी घेऊन त्याच घटकाचं स्वस्त औषध बाहेर मिळतं का ते डॉक्टरांना दाखवून घ्या. पण घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन यांतलं काही मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतं. आणखी एक गोष्ट, दुसऱ्या कुठे भाव काढलात आणि उपचारांवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. पशुवैद्यकीय दवाखान्यातली उपचार सेवा जीएसटीतून मुक्त आहे. खाद्य आणि इतर वस्तूंवर कर लागतो, तो वेगळा.

काही ठिकाणी दात वाचवायला रूट कॅनल सुचवतात. चिंगीच्या हलणाऱ्या दातांसाठी त्याचा विचार करू नका. दात गेलेली कुत्री मऊ अन्न छान खातात, आणि दुखणारा दात गेला की बरेचदा जास्तच आवडीने खातात.

पण हे सगळं पुण्यातच करायचं असं कुठे आहे? तुम्ही साताऱ्याहून पुण्याला जाता तेव्हा खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुढे शिरवळ लागतं. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याला जोडून शिकवण्याचं रुग्णालय. अशा ठिकाणी शुल्क सरकारी दराने असतं, खासगीपेक्षा बरंच कमी. (मुंबईकरांसाठी परळचं महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.) निघण्याआधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. लहान कुत्र्याचं दातांचं काम कोणत्या वारी होतं, भूल देऊन अल्ट्रासॉनिक स्केलिंगची सोय आहे का, आणि दातांचे एक्स-रे तिथेच निघतात का. रांग असेल, दोन खेपा पडतील, तुम्हाला रजा टाकावी लागेल. दोन दिवसांची रजा आणि पेट्रोल धरूनही बचत दहा हजारांच्या वर जात असेल तर शिरवळला जा. जात नसेल, किंवा तारीख दोन महिन्यांनंतरची मिळत असेल, तर पुण्यात करून मोकळ्या व्हा.

ग्रूमिंगवाल्याचे १,५०० मात्र पाण्यात जातील. जाग्या कुत्र्याच्या दातांचा फक्त दिसणारा भाग खरवडता येतो, हिरडीच्या आत कुणी जाऊ शकत नाही. दात पांढरे दिसतात, रोग आत चालूच राहतो, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच अंदाजपत्रकापाशी याल.

आता पैसे. ३२,००० चे १६ टक्क्यांनी बारा हप्ते केले तर महिना साधारण २,९०० रुपये बसतील. व्याज २,८४० च्या आसपास, त्या व्याजावर जीएसटी ५१० आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. म्हणजे साडेतीन हजार वर गेले. शिवाय महिन्याला तुमच्याकडे ७,००० उरतात, त्यातले २,९०० वर्षभर अडकले की जूनमधल्या वह्या-पुस्तकांसाठी पुन्हा कार्डच काढावं लागेल. मला भीती याची वाटते.

त्यापेक्षा बचत खात्यातून द्या. पूर्ण ३२,००० लागले तरी ९,००० उरतात. मार्च ते जून दर महिन्याचे ७,००० तिथेच राहू दिलेत तर जूनअखेर खातं ३७,००० वर येईल. मधल्या काळात खातं रिकामं वाटेल हे मान्य, पण एफडी पाठीशी आहे. खरोखरच घरात कुणाचं आजारपण आलं तर ती तेव्हा मोडा. तुमची एफडी ७ टक्क्यांची आहे. आठ महिन्यांनी मोडली आणि बँकेने दंड कापून ५ टक्क्यांनी व्याज दिलं, तर नुकसान पावणेसातशेच्या आत राहील. हप्त्यांचे साडेतीन हजार मात्र काहीही झालं तरी जातातच. बचतीतून दिलंत तर लेकीची फी जागची हलत नाही. तिलाही हा हिशेब दाखवा, चिंगी तिचीही आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. आधीपासून असलेला आजार विमा सहसा धरत नाही, दातांची साफसफाई बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते आणि नवव्या वर्षी नवी पॉलिसी मिळणंच अवघड. एजंटने आरोग्य विम्यावरची आयकर सवलत मिळेल असं सांगितलं असेल तर ते चूक आहे. त्या सवलतीत तुम्ही, जोडीदार, मुलं आणि आईवडील येतात, चिंगी येत नाही. जुलैपासून दरमहा ७०० ची आरडी चिंगीच्या नावाने वेगळी ठेवा. वर्षाला ८,४०० अधिक व्याज, पुढच्या साफसफाईची मोठी सोय त्यातून होईल.

ती साफसफाई लांबवणं तुमच्याच हातात आहे. हिरड्या भरून आल्या, साधारण दोन आठवडे झाले, की डॉक्टरांना विचारून रोज ब्रश सुरू करा. आठवड्यातून एकदा केलेल्या ब्रशचा उपयोग होत नाही, थर तोवर कडक झालेला असतो. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच आणा, आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते त्यांच्या जिवावर बेततं. सुरुवातीला बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून नुसता गालाकडचा भाग पुसा, तिला सवय होऊ द्या. मटणवाल्याकडची कडक हाडं आणि दुकानातले वाळवलेले खूर बंद करा, त्यांनी दाढा फुटतात.

एकच गोष्ट हा सगळा हिशेब बदलू शकते. तपासताना हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज आला किंवा मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले निघाले, तर आधी त्याचा उपचार आणि मग दात. म्हणून रक्त तपासणीचे २,८०० या आठवड्यात खर्च करा, बाकी एक रुपयाही आगाऊ भरू नका. अहवाल आणि शिरवळचा भाव हातात आला की मला पुन्हा लिहा, मर्यादेचा आकडा आपण परत बसवू.