जुना लॅपटॉप फाइल उघडताना अडकतो, आतून टक-टक आवाज येतो, हार्ड डिस्क गेली का? चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं टूल) चालवू का?

हो, बहुतेक डिस्कच जातेय, आणि चेकडिस्क आत्ता नको, आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या, कारण चेकडिस्कचं बॅड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले भाग) शोधणारं स्कॅन अख्खी डिस्क वाचत बसतं, वर डिस्कवर लिहितंही, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच बसू शकते. लॅपटॉप रिपेअरिंगच करतो म्हणून सांगतोय. कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा (रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, हेक्समध्ये, आकडे-अक्षरं मिसळून दिसतो, दचकू नका). त्यातले हे क्रमांक बघायचे:

- ५, १९७, १९८ (खराब सेक्टर मोजणारे): रॉ व्हॅल्यू शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर डिस्क बदलायचीच
- १९९ (डेटा ये-जा करतानाच्या चुका मोजणारा) एकटाच वाढतोय: डिस्क नाही, बहुतेक केबल किंवा कनेक्टर सैल, काढून परत बसवा

फक्त एक, स्मार्ट 'गुड' दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच डिस्क काही वॉर्निंग न देता जातात. टक-टक सतत चालू असेल तर कॉपीचाही नाद सोडा, लगेच बंद करा आणि डेटा खरंच लाखमोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे द्या, फ्रीजरमध्ये ठेवायचे उद्योग तर मुळीच करू नका. नवीन घेताना २.५ इंची साटा (डिस्क जोडायच्या कनेक्टरचा प्रकार) एसएसडी घ्या, जुन्या साटा डिस्कच्या जागी आरामात बसते, जाडी कमी पडली तर स्पेसर (जाडी भरून काढणारी पातळ चौकट) लावायचा.