अमेरिकेतल्या अनेक स्थलांतरित शेतमजुरांकडे ना मत, ना कागदपत्रं; मग ते हक्क मिळवतात तरी कसे?

एकत्र येऊन, आणि माल शेवटी विकत कोण घेतो ते हेरून. फ्लोरिडातल्या इमोकली गावचं उदाहरण घ्या. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले मजूर तिथे टोमॅटो तोडतात. १९३५ च्या कामगार संघटना कायद्याने शेतमजुरांना वगळलंय, त्यामुळे त्या कायद्याचा आधार नाही. १९९३ च्या सुमारास ते गावातच बैठका घेऊ लागले. १९९६ मध्ये पाणी प्यायला थांबलेल्या एका पोराला मुकादमाने मारलं, तेव्हा त्याचा रक्ताळलेला शर्ट घेऊन शेकडो मजूर रात्री मुकादमाच्या दारात गेले.

पण मालक दाद देईनात. मग त्यांनी बड्या खरेदीदाराला गाठलं. २००१ मध्ये टॅको बेल या फास्ट फूड साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी काय, तर पौंडामागे एक सेंट जास्त द्या! विद्यार्थी आणि चर्चची माणसं सोबत उभी राहिली, आणि २००५ मध्ये कंपनीने मान्य केलं. मॅकडोनाल्ड्सही पुढे आलं.

२०११ पासून शेतांवर सावली, पाणी, तक्रारीची सोय आली. मला सगळ्यात मोठी वाटते ती बादलीची गोष्ट. ३२ पौंडांची बादली शीग लावून भरायला लावायचे, वरच्या टोमॅटोंचे पैसे नाहीत. ती शीग बंद झाली. आपल्याकडे उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.