बॉयफ्रेंड दर तासाला लोकेशन मागतो, नाही दिलं तर फोटो गावच्या ग्रुपवर टाकीन म्हणतो. घरी कळलं तर कॉलेज बंद. काय करू?

तू लिहिलंयस की तू २० वर्षांची आहेस, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतेस, तुझं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर चालू असतं आणि दोन महिने धड झोप नाही. शेवटी विचारलंयस, "त्याचं प्रेम जास्त आहे म्हणून असं होतं का?" त्याचं उत्तर आधी देते. नाही.

मीही तुझ्याच भागातली. २०१८ साली कापूस विकून बाबांनी मला पहिला फोन घेऊन दिला. कॉलेजमधला एक जण तेव्हा माझा "सगळं काही" होता. जीमेल त्यानंच उघडून दिलं. पासवर्ड त्यानं ठरवला, रिकव्हरीला नंबरही स्वतःचाच टाकला. किती काळजी करतो पोरगा, असं मला वाटलं. पुढचे आठ महिने माझे फोटो, मी कुठे गेले, कोणाला मेल केला, सगळं त्याला घरबसल्या दिसत होतं.

आमच्या गावात टॉवर फक्त गच्चीवर मिळायचा. खाली उतरले की मेसेजला एकच टिक. त्या एका टिकेवरून रात्र-रात्र भांडण. "कोणाशी बोलून राहिली होती?" दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर वेचणीला गेले, फोन घरी चार्जिंगला. संध्याकाळी येऊन पाहते तर ६३ मिस्ड कॉल. हात कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले आणि मी चूल पेटवायची सोडून गच्चीवर उभी, वावरात होते हे पटवून देण्यासाठी वावराचा फोटो पाठवत.

मग पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून नजर काढली. फोन वाजला नसतानाही वाजल्यासारखा वाटायचा. दोन विषय गेले. सतत पाळत असली की शरीर सारखं पहाऱ्यावर राहतं, झोप, भूक, अभ्यास त्यातच जातं, हे मला फार नंतर कळलं. अमेरिकेत साडेपाच हजारांहून जास्त शाळकरी मुलामुलींची पाहणी झाली होती, २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. नात्यात असलेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकानं जोडीदाराकडून फोन-इंटरनेटवरून असा छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या दहातल्या एकानंही मदत मागितली नव्हती. ती पोरं तर अमेरिकेतली. आपल्याकडे मदत मागायची म्हणजे फोन जाणार, कॉलेज जाणार आणि उन्हाळ्यात स्थळ येणार.

त्याची खरी ताकद इथेच असते बघ. फोटोत नाही. तुझ्या घरचे तुझ्याच अंगावर येतील, ही त्याची खात्री असते. म्हणून त्याच्याआधी तूच कोणाला तरी सांग. सगळ्यांना नको, एकीला. मी मावशीला सांगितलं, ती गावातली आशा सेविका आहे. पहिली दहा मिनिटं तिनं मला यथेच्छ शिव्या दिल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "फोटो किती हाये? कोन्या नंबरवरून धमकी देते थो? तुह्या बापाले मी सांगतो, तू नोको बोलू."

आता माझी चूक तू करू नकोस. रागात मी सगळी चॅट डिलीट केली होती. पोलिसांना दाखवायला काही उरलंच नाही. तू आधी धमक्यांचे स्क्रीनशॉट घे, नंबर आणि तारीख दिसेल असे, आणि जिला सांगशील तिच्या फोनवर ठेव. तुझ्या व्हॉट्सॲपवरून पाठवू नकोस, ते त्याला दिसतं. हे झाल्यावरच व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून त्याचा लॅपटॉप काढ. काढला की त्याला कळणार आणि तो चवताळणार, म्हणून कोणीतरी सोबत असताना काढ. मग जीमेलचा पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर बदल, मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बघ, इन्स्टाग्रामवर कुठे-कुठे लॉगिन आहे तेही.

तक्रारीचं म्हणशील तर पहिल्या ठाण्यात मला "फोटो काढलेच कशाला?" एवढंच विचारलं गेलं. मावशी दुसऱ्या दिवशी मला एसटीनं जिल्ह्याला घेऊन गेली, तिथल्या पोलीस बाईंनी नीट ऐकलं. आता कायदा तुझ्या बाजूनं जास्त स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हाही पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत शिक्षा. खाजगी फोटो संमतीशिवाय पाठवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि ६७ए लागू शकतं. तो दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची साइट आहे, तिथे फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो फोटो अडवता येतो. १८ वर्षांवरच्यांसाठी आहे ती.

(हे वाचणाऱ्या पोरांसाठी: मुलीनं मुलाचा असा छळ केल्याचंही मी जवळून पाहिलंय. कलम ७८ फक्त महिलांना आहे, पण ६६ई आणि ६७ए सगळ्यांना.)

अजून एक, आणि हे सरळच विचारते. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? माझ्या आलं होतं. आपल्या घरोघरी फवारणीचं औषध असतं, म्हणून विचारते. येत असेल तर आजच कोणाला तरी ते कुलपात ठेवायला सांग आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात, मोफत आहे, २४ तास, मराठीत बोलतात. माझ्या वेळी हे नव्हतं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं.

माझं पुढे काय झालं? बाबा आठ दिवस बोलले नाहीत. कॉलेज सुटलं नाही. स्मार्टफोन गेला, चार महिने बटणांचा फोन वापरला, आणि खरं सांगू, पहिल्या आठवड्यातच मला झोप लागायला लागली. त्यानं एक फोटो पाठवला होताच, माझ्या चुलत भावाला. भावानं तो तिथल्या तिथे डिलीट केला, त्याला फोनवर काय म्हणायचं ते म्हणाला, आणि मला सांगितलं दोन वर्षांनी, त्याच्या लग्नाच्या हळदीत.

आता प्रश्नातून गावाचं आणि कॉलेजचं नाव काढून टाक. कोणाला सांगणार आहेस तेही इथे लिहू नकोस, आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या फोनवरून वाच.