बुडबुडे आले म्हणून चरस चांगला ठरत नाही

काळा रंग, बोटांत लगेच मऊ पडणं आणि लायटर लावताच बुडबुडे येणं, या तीन खुणांवरून माल अस्सल धरावा का, असा तुमचा प्रश्न आहे. या तिन्ही खुणा चांगल्या चरसात दिसतात आणि मेण-तेल कालवलेल्या गोळ्यातही दिसतात. घरच्या परीक्षेची मर्यादाच ही आहे. माल नापास झाला तर तो वाईट आहे हे बऱ्यापैकी खात्रीने कळतं, पास झालेला चांगला असल्याची खात्री मात्र कधीच पटत नाही. म्हणून प्रत्येक चाचणी माल बाद करण्यासाठी घ्यायची. एका चाचणीत नापास झाला की बाकीच्या घेत बसायचं कारण नाही.

रंगाला सगळ्यात कमी किंमत द्या. चरस म्हणजे भांगेच्या झाडाच्या मादी फुलांवरची राळ, म्हणजे ट्रायकोम या बारीक केसांसारख्या ग्रंथींची डोकी. चाळणीतून पाडलेला ताजा माल फिकट सोनेरी ते तपकिरी असतो. हाताने मळलेला काळपट होतो, कारण त्यात झाडाचा रस आणि तळहाताचा घाम मिसळतो आणि हवेने राळ ऑक्सिडाइज होते. म्हणजे काळा रंग पद्धत आणि वय सांगतो, दर्जा नाही. हिरवट झाक असेल तर मात्र पानांचा चुरा जास्त आहे असं धरा.

मग गोळा मधोमध फोडा. बाहेरून काळा आणि आतून जरा फिकट असणं हे ठीक, तो हवेचा परिणाम. आतही तितकाच काळा आणि वर बुटाच्या पॉलिशसारखी चकाकी असेल तर संशय घ्या. फोडल्याबरोबर नाक लावा, कारण पृष्ठभागावरचा वास उडून गेलेला असतो. मिरी, लिंबाची साल, पाइन, ओली माती यांपैकी कशाची तरी तिखट आठवण यायला हवी. जुन्या मालाचा वास मंद होतो आणि त्यातल्या टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, हळूहळू सीबीएन हे दुसरं द्रव्य होतं, जे बरंच कमजोर असतं. तो माल शिळा म्हणायचा, भेसळीचा नव्हे. पण अमोनियाचा झणका, कुबट वास किंवा आत पांढरे-करडे तंतू दिसले तर तिथेच थांबा. ओलसर माल घट्ट दाबला की पोटात बुरशी धरते. हे पांढरे तंतू अफूचे असतात, अशी एक जुनी थाप चालत आली आहे. तसं सांगणाऱ्याला बुरशीच विकायची असते. जळल्यावर बुरशी मरते हा युक्तिवादही चालत नाही: अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू धुरासोबत फुप्फुसात जाऊ शकतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याने गंभीर संसर्ग होतो.

मऊपणाची परीक्षा बोटांनी अर्धीच होते. राळ उबेने मऊ होते, ताणली की चिकट तार निघते, बोटं धुताना साबणाला दाद देत नाही. मेण आणि चरबीही मऊ होतात, पण हाताला बुळबुळीत लागतात. खात्रीसाठी वाटाण्याएवढा तुकडा टिशू पेपरच्या दोन घड्यांत ठेवून वर जड पुस्तक ठेवा, रात्रभर. राळेचा डाग तुकड्याच्या आकाराइतका आणि चिकट राहतो. तेल घातलं असेल तर डागाभोवती पारदर्शक कडं पसरतं आणि कागद दोन दिवस उघडा ठेवला तरी ते जात नाही.

आता बुडबुडे. शुद्ध राळ वितळते आणि तिच्यातली उडून जाणारी द्रव्यं बाहेर पडताना फेस येतो, म्हणून ही खूण प्रसिद्ध झाली. पण पाणी राहिलेला मालही फसफसतो, फक्त त्यात तडतड आवाज येतो. गॅस वापरून काढलेल्या अर्कात द्रावक उरलं असेल तर तोही उकळतो. तेव्हा बुडबुड्यांपेक्षा माल वितळतो कसा आणि मागे काय उरतं, ते पाहा. मसुराएवढा तुकडा स्टीलच्या जुन्या चमच्यात घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि ज्योत चमच्याच्या खालून द्या. थेट ज्योत लावली की अस्सल मालही काजळी धरतो आणि निष्कर्ष चुकतो. चमच्याच्या बुडाला येणारी काजळी लायटरची, ती मोजू नका.

धूर पांढरा ते निळसर आणि वास झाडाचाच हवा. दाट काळा धूर आणि जळक्या प्लास्टिकचा किंवा रबराचा वास आला तर माल फेकायचा. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास म्हणजे पॅराफिन. भरपूर काजळी आणि टर्पेंटाइनचा वास म्हणजे पाइनची राळ मिसळलेली. शेवटी राख पाहा: करडी-पांढरी, बोटाने भुगा होणारी हवी. कचकच लागली तर वाळू किंवा माती आहे. बर्फाच्या पाण्यात काढलेल्या मालाला 1 ते 6 तारे देण्याची पद्धत आहे, ती याच वितळण्यावर चालते: 5-6 तारेवाला जवळजवळ पूर्ण वितळून पसरतो, 1-2 वाला नुसता करपतो. ही पट्टी हाताने मळलेल्या चरसाला लावू नका. त्यात वनस्पतीचे कण असायचेच, तो पूर्ण वितळला नाही म्हणजे भेसळीचा असं होत नाही.

सगळ्यात जास्त माहिती देते ती विरघळण्याची परीक्षा. 0.5 ग्रॅम चुरा करून आधी दोन दिवस कागदावर उघडा वाळवा, नाहीतर पाण्याचं वजनही राळेत मोजलं जाईल. मग काचेच्या बाटलीत 20 मिलीलिटर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलवा आणि तासाभराने आधीच वजन केलेल्या कॉफी फिल्टरमधून गाळा. 70 टक्केवालं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी फार. जवळपास ज्योत नको. फिल्टर पूर्ण वाळवून पुन्हा तोला, काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा तरी हवा. 0.25 ग्रॅमपेक्षा जास्त गाळ उरला, तर अर्ध्याहून अधिक माल राळ नाहीच. शून्य गाळ मात्र अपेक्षू नका, ग्रंथींची सालं आणि देठ उरतातच. द्रव सोनेरी-तांबूस असेल तर बरं, गर्द हिरवा असेल तर पानं. पांढरे कण तरंगले तर मेण किंवा चरबी, कारण ती थंड अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. पाइनची राळ मात्र विरघळते आणि या परीक्षेतून सुटते, म्हणून धुराची परीक्षा वगळू नका. हा द्रव चाचणीपुरता, वापरायचा नाही.

मेंदीच्या संशयासाठी चिमूटभर चुरा कोमट पाण्यात टाका. राळ पाण्यात विरघळत नाही, पाणी फार तर पिवळसर होतं. नारिंगी-तपकिरी झालं तर मेंदी किंवा रंग. साखर टाकली असेल तर हेच पाणी आटवल्यावर चिकट थर उरतो.

60 पट भिंग असेल तर सुट्या चुऱ्यात गोल डोकी दिसतात. दाबलेल्या मालात ती फुटलेली असतात, तिथे फक्त धागे, वाळू, केस शोधायचे.

यानंतर घरच्या साधनांची हद्द संपते. कीटकनाशकं, जड धातू, जीवाणू रंग-वासावरून ओळखता येत नाहीत. माद्रिदच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या चरसाचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक नमुन्यांत विष्ठेतले ई. कोलाय जीवाणू निघाले. गिळून पोटातून आणलेल्या, बोंडाच्या आकाराच्या गोळ्यांमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. जोरही घरी मोजता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कमी टीएचसीच्या मालावर कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसीची नक्कल करणारी रसायनं, फवारलेले नमुने युरोपात 2020 पासून सापडत आहेत, आणि असा माल वरच्या सगळ्या परीक्षा पास होऊ शकतो. जिथे कायद्याने विक्री होते तिथे पाकिटावरच्या बॅच क्रमांकाचा प्रयोगशाळा अहवाल मागा. काही देशांत औषध तपासणी केंद्रं नमुना निनावी तपासून देतात. तशी सोय नसेल तर संशयित माल टाकून द्या. आणि कुणी तो घेतलाच असेल व छातीत धडधड, सारख्या उलट्या, झटके किंवा शुद्ध हरपणं दिसलं, तर एकटं न सोडता, शुद्ध नसेल तर कुशीवर वळवून, लगेच रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना काय घेतलं ते स्पष्ट सांगा आणि उरलेला तुकडा सोबत द्या.